कृष्णाकाठच्या तंबाखूचे वकील

कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या खोऱ्यांत पिकणारी तंबाखू ही मुख्यतः बिडीची तंबाखू होय. व्यापाराच्या आणि शेतीशास्त्राच्या परिभाषेत ज्याला 'निपाणी पट्टा' म्हणतात, त्यात बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी आणि हुक्केरी या तालुक्यांबरोबर कोल्हापूर, सांगली आणि साताऱ्याचाही काही भाग मोडतो. आज सांगली जिल्ह्यात असलेले तासगाव आणि वाळवा हे तालुके १९४९ पर्यंत साताऱ्यातच होते, दक्षिण सातारा म्हणून ते वेगळे झाले आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे तंबाखूच्या इतिहासात या दोन जिल्ह्यांची सीमा फारशी कामाची नाही. या पट्ट्यात तंबाखूच्या व्यापाराची बाजू सरकारपुढे, न्यायालयापुढे आणि लोकांपुढे कोणी मांडली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती कोणाच्या नावाने मांडली, हा प्रश्न आजवर फारसा विचारला गेलेला नाही. तो विचारल्यास असे दिसते की, ज्या शेतकऱ्याने १९८१ मध्ये व्यापाऱ्याविरुद्ध रस्ता अडवला, त्याच शेतकऱ्याचे नाव पुढच्या तीस वर्षांत उद्योगाच्या कैफियतीत सर्वांत वर येऊन बसले, आणि त्याच्या शेजारी पानटपरीवाल्याला उभे करण्यात आले.

तंबाखूच्या वकिलीची सुरुवात या प्रदेशाच्या जुन्या राजधानीपासून, विजापूरपासून, होते, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. मिरज आणि तिच्या आसपासचा मुलूख आदिलशाहीत असताना, सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी, अकबराचा सरदार असद बेग विजापूरला गेला होता. तेथून परतताना त्याने तंबाखू आणि रत्नजडित हुक्का बादशहासाठी नेला. दरबारातील हकिमाने, ही वस्तू आपल्या ग्रंथांत नाही, म्हणून बादशहाने ती ओढू नये असा आक्षेप घेतला. त्यावर असद बेगने युक्तिवाद केला की, फिरंगी लोक काही इतके मूर्ख नाहीत आणि प्रत्येक रूढी कधीतरी नवीच असते. बादशहाने सवय लावून घेतली नाही, पण सरदारांनी घेतली आणि व्यापाऱ्यांनी विक्री सुरू केली, असे असद बेगनेच लिहून ठेवले आहे. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने बंदीचा हुकूम काढला, आणि तो फारसा कोणी पाळला नाही.

अर्वाचीन काळातील कथा करापासून सुरू होते. मुंबई इलाख्याने १९३३ मध्ये जिल्ह्यांसाठी तंबाखूचा स्वतंत्र कायदा करून विक्रीला परवान्याची अट घातली. पण खरा बदल घडवला तो १९४३ मध्ये महायुद्धाच्या खर्चासाठी बसवलेल्या केंद्रीय अबकारी कराने. हा कर कच्च्या पानावरही होता. परिणामी तंबाखू लावणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला लावणीची नोंद द्यावी लागे, अबकारी निरीक्षक पिकाचा अंदाज बांधे, वाळलेला माल परवानाधारक वखारीतच ठेवावा लागे आणि एका गावाहून दुसऱ्या गावी नेताना वाहतुकीचा परवाना लागे. कराचा दरही माल कशासाठी वापरला जाणार, म्हणजे बिडीसाठी, खाण्यासाठी की ओढण्यासाठी, यावरून ठरे आणि एकाच पानाला दोन दर लागू शकत असल्याने वादाला तोटा नव्हता. या सगळ्या कागदपत्रांत तरबेज असलेला एकच घटक या साखळीत होता, तो म्हणजे वखारीचा मालक. सामान्य कुणब्याला तलाठी माहीत होता, अबकारी निरीक्षकाची भाषा त्याच्या आवाक्याबाहेरची होती. म्हणून तंबाखूविषयी सरकारशी बोलायचे तर ते व्यापाऱ्याने, ही प्रथा या तीन-साडेतीन दशकांत घट्ट झाली, असे मानायला जागा आहे.

वखार म्हणजे केवळ गोदाम नव्हे. वाळवलेली पाने येथे काठ्यांनी झोडपली जात, मग चाळणीतून चाळून पानाचा चुरा, देठाची काडी आणि भुकटी वेगवेगळी केली जात, आणि हे काम जवळजवळ संपूर्णपणे बायका करीत. पदर नाकातोंडाला बांधूनही धूळ घशात उतरेच. जमिनीवर बसून दिवसभर चाळण हलवणाऱ्या या बायकांना कामगार कायद्यांचे संरक्षण नावापुरतेच होते. निपाणीत १९८० च्या सुमारास सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने या बायका संघटित झाल्या, वेतनासाठी संपावर गेल्या आणि वखारमालकांना त्यांच्याशी बोलणी करावी लागली. छाया दातार यांनी या लढ्याचा अभ्यास करून १९८९ मध्ये तो इंग्रजी ग्रंथरूपाने मांडला. या लेखाच्या दृष्टीने त्यातला मुद्दा असा की, या काळात तंबाखूचा व्यापार आणि तंबाखूवर जगणारी माणसे हे दोन पक्ष होते आणि कोणी कोणाचा वकील नव्हता.

केंद्रीय अर्थमंत्री चरणसिंग यांनी १९७९ च्या अंदाजपत्रकात कच्च्या तंबाखूवरील अबकारी कर रद्द केला. शेतकऱ्याच्या नावाने घेतलेला हा निर्णय होता आणि निरीक्षकाच्या जाचातून त्याची सुटका झाली हे खरे; परंतु खरेदीची नवी व्यवस्था काही उभी राहिली नाही. सिगारेटसाठी लागणाऱ्या, भट्टीच्या उष्ण हवेत वाळवलेल्या व्हर्जिनिया तंबाखूसाठी केंद्राने १९७५ च्या कायद्याने तंबाखू मंडळ स्थापले, त्याचे मुख्यालय आंध्रातील गुंटूर येथे आले आणि पुढे त्या तंबाखूचे लिलाव मंडळाच्या देखरेखीखाली होऊ लागले. बिडीच्या तंबाखूला असे मंडळ नाही आणि लिलावाचा ओटाही नाही. निपाणी पट्ट्यातल्या शेतकऱ्याने ऐन पावसाळ्यात लावण करायची, शेंडे खुडायचे, फुटवे काढत राहायचे, पान चिकट झाले की तोडून उन्हात वाळवायचे आणि मग व्यापाऱ्याचा माणूस बांधावर येऊन सांगेल तो भाव ऐकायचा, ही रीत चालू राहिली. वजनात कडता, प्रतीच्या नावाखाली सूट, आधी घेतलेल्या उचलीची वसुली आणि उरलेल्या पट्टीसाठी महिनोनमहिने हेलपाटे, अशी ही बाजारपेठ होती.

या पार्श्वभूमीवर १४ मार्च १९८१ रोजी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. शेतकरी संघटनेने चाकणचा कांदा आणि नाशिकचा ऊस यांचे लढे नुकतेच लढवले होते. निपाणीचे वेगळेपण असे की येथे समोर सरकारइतकाच व्यापारीही होता. वखारीतल्या बायकांच्या लढ्याचे नेते सुभाष जोशी या आंदोलनात शेतकऱ्यांबरोबर होते, म्हणजे झोडपणाऱ्या बायका आणि पिकवणारे शेतकरी यांचा एकच प्रतिपक्ष आहे, ही जाणीव निदान नेत्यांना होती. हजारो माणसे संसार घेऊन रस्त्यावर बसली आणि त्या तळाला आंदोलननगर हे नाव पडले. सातारा, कऱ्हाड आणि पेठनाक्यावरून दक्षिणेकडे जाणारी वाहतूक याच रस्त्याची, त्यामुळे निपाणीच्या रस्त्यावर काय चालले आहे हे साताऱ्याच्या एसटी स्थानकावरही कळत होते. मुख्यमंत्री गुंडूराव यांच्या कर्नाटक सरकारने ६ एप्रिल १९८१ रोजी पोलिसी बळाने तळ उठवला, गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे बळी गेले. तंबाखूच्या भावासाठी महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर सांडलेले हे रक्त व्यापाऱ्याच्या खरेदीपद्धतीविरुद्धचे होते. ही गोष्ट एवढ्यासाठी अधोरेखित करावी लागते की, पुढे सिगारेट आणि गुटखा उद्योगांनी जेव्हा 'तंबाखू शेतकऱ्याचे काय' हा प्रश्न विचारला, तेव्हा निपाणीचा उल्लेख त्यात सोयीस्करपणे टाळला गेला.

जगाच्या बाजारात याच सुमारास एक नवे तंत्र आकाराला येत होते. ब्रिटनमध्ये किरकोळ तंबाखूविक्रेत्यांची आघाडी १९८३ मध्ये उभी राहिली आणि तिचा खर्च उत्पादकांची संघटना करीत असे; आंतरराष्ट्रीय तंबाखू उत्पादक शेतकरी संघटना १९८४ मध्ये स्थापन झाली, आणि गरीब देशांतील शेतकऱ्यांच्या तोंडून आरोग्यविषयक निर्बंधांना विरोध करवून घेणे हा तिच्यामागील हेतू असल्याचे सिगारेट कंपन्यांच्या कालांतराने उघड झालेल्या कागदपत्रांत आढळते. कारखानदार बोलला तर लोक नफ्याचा विचार करतात, शेतकरी किंवा दुकानदार बोलला तर पोटाचा विचार करतात, एवढे साधे गणित त्यामागे होते. भारतातील प्रत्येक संघटना अशीच होती असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण टपरीवाल्याचे पोट खरोखरच त्या टपरीवर असते. परंतु त्याचे गाऱ्हाणे नेमके कधी ऐकू येते, याकडे लक्ष दिले पाहिजे.

नव्वदच्या दशकात प्लास्टिकच्या छोट्या पुडीतून गुटखा आला. सुपारी, कात, चुना, सुगंधी द्रव्ये आणि तंबाखू यांचे हे तयार मिश्रण स्वस्त होते, टिकाऊ होते आणि ते मळायला तळहात लागत नव्हता. हातावर मळलेली तंबाखू किंवा तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली मिश्री ही या भागातील जुनी व्यसने. मिश्री तर दात घासण्याच्या निमित्ताने घरोघरच्या बायकांत रुळलेली. गुटख्याने त्यात शाळकरी पोराची भर घातली. महाराष्ट्र सरकारने २३ जुलै २००२ च्या अधिसूचनेने गुटख्यावर १ ऑगस्टपासून पाच वर्षांची बंदी घातली. तिला आव्हान देणाऱ्यांत अग्रभागी जे नाव होते ते सांगली शहरापासून हाकेच्या अंतरावर, कृष्णेपलीकडील जयसिंगपूरच्या घोडावत कुटुंबाच्या पानमसाला कंपनीचे होते. सर्वोच्च न्यायालयाने २ ऑगस्ट २००४ रोजी निकाल देताना, जुन्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली राज्याच्या अन्न प्राधिकाऱ्याला असा सर्वंकष, दीर्घ मुदतीचा मनाई हुकूम काढता येत नाही आणि तंबाखूसाठी संसदेने २००३ मध्ये स्वतंत्र कायदा केलेला आहे, असे सांगून बंदी रद्द केली. व्यापाराचा हा निर्विवाद विजय होता, आणि तो लोकमताच्या नव्हे, अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर मिळाला होता.

तो २००३ चा कायदा, सिगारेट आणि अन्य तंबाखूजन्य पदार्थांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा आणि व्यापाराचे नियमन करणारा, टपरीपर्यंत पोहोचण्यास मात्र फार वेळ लागला. जाहिरातीवर बंदी घालताना कायद्याने विक्रीच्या जागेवरील फलकाला सूट ठेवली होती. नियमांनी ती आवळून फलकाचे माप ६० बाय ४५ सेंटिमीटर केले, वरच्या भागात कर्करोगाचा इशारा सक्तीचा केला आणि कंपनीचे नाव, चित्र व मागून पाडलेला उजेड यांना मनाई केली. व्यापाराच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल झाल्या, नियमांना हंगामी स्थगिती मिळाली आणि ती सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलै २०१३ रोजी उठवीपर्यंत वर्षे उलटली. टपरीचा दर्शनी भाग सिगारेट कंपनीच्या रंगांत रंगवून मिळतो, दिवा मिळतो, काउंटर मिळतो, ही टपरीवाल्याच्या दृष्टीने छोटी गोष्ट नव्हती. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विक्रीला बंदी आणि अठरा वर्षांखालील मुलांना विक्रीला बंदी, या तरतुदींचे उल्लंघन झाल्यास दंड २०० रुपयांपर्यंतच. त्यासाठी संघटित विरोध करण्याची कोणाला गरजच भासली नाही.

दुसरी गुटखाबंदी अधिक विचारपूर्वक आली. अन्नसुरक्षा व मानके कायद्याखालील २०११ च्या विनियमाने अन्नपदार्थात तंबाखू वा निकोटिन घटक म्हणून वापरण्यास मनाई केली होती. हाच आधार घेऊन मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून गुटखा बंद केला आणि महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटखा व पानमसाला या दोहोंवर बंदी घातली. पानमसाल्यात मॅग्नेशियम कार्बोनेट आढळल्याचे कारण अन्न व औषध प्रशासनाने दिले. त्या वेळी मुख्यमंत्री होते कऱ्हाडचे पृथ्वीराज चव्हाण आणि गृहमंत्री होते तासगावजवळच्या अंजनीचे आर. आर. पाटील, म्हणजे बंदी घालणारा आणि ती पोलिसांकरवी राबवणारा, असे दोघेही सातारा-सांगलीचे. सरकारने वर्षाला सुमारे १०० कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडले. उत्पादकांनी उच्च न्यायालयात धाव घेतली, पण सप्टेंबर २०१२ मध्ये न्यायालयाने बंदीला हंगामी स्थगिती देण्यास नकार दिला.

न्यायालयात हरलेला युक्तिवाद मग बाजारात आला. महाराष्ट्रात बंद केले तरी माल शेजारून येतो, मग आमचाच धंदा का बुडवता, असे दुकानदारांचे म्हणणे होते आणि सांगलीत ते खोटे पाडणे अवघड होते. कर्नाटकाने गुटखाबंदी केली ती मे २०१३ च्या अखेरीस. तोवर मिरजेहून पलीकडे वा जतच्या पूर्वेला काही कोस गेले की तीच पुडी राजरोस मिळे. सीमेवरच्या गावांना दोन कायद्यांत राहण्याची सवय जुनीच आहे. टपरीवाल्याने स्वतःही उपाय शोधला: सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घेऊन घासायचा आणि गिऱ्हाइकाच्या हातात गरम पुडी ठेवायची, हा मावा. पुढील आदेशांत मावा, खर्रा, सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारीही आणाव्या लागल्या. गुन्हे दाखल करताना भारतीय दंड संहितेची कलमे लावता येतात का, यावरही व्यापाऱ्यांनी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात २०१६ मध्ये बाजी मारली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये ती उलटवली.

या लढाईतला सर्वांत विदारक काळ फेब्रुवारी-मार्च २०१५ चा. आर. आर. पाटील, ज्यांना अवघा महाराष्ट्र आबा म्हणत असे, १६ फेब्रुवारी रोजी मुंबईच्या लीलावती रुग्णालयात तोंडाच्या कर्करोगाने वारले. त्यांचे वय ५७ होते. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर सचित्र इशारा छापण्याचा केंद्राचा नियम १ एप्रिलपासून लागू व्हायचा होता, आणि मार्चच्या अखेरीस संसदेच्या दुय्यम विधान समितीचे अध्यक्ष, अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी यांनी असे मत मांडले की, तंबाखूमुळे कर्करोग होतो हे सांगणारे अभ्यास परदेशातले आहेत, भारतात तसा अभ्यास झालेला नाही. याच समितीवर बिडी उत्पादक असलेले खासदार श्यामाचरण गुप्ता होते. नियम पुढे ढकलला गेला. वस्तुस्थिती अशी की, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातीलच १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून तंबाखूच्या सवयी आणि तोंडाचा कर्करोग यांविषयीचा शोधनिबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध केला होता. महाराष्ट्राच्या प्रतिनिधीला महाराष्ट्राच्या खेड्यांत झालेला अभ्यास माहीत नसावा, ही अज्ञानाची बाब होती की सोयीची, याचा निवाडा वाचकांनी करावा. अखेर ८५ टक्क्यांचा इशारा १ एप्रिल २०१६ पासून लागू झाला. सिगारेट कंपन्यांनी निषेधार्थ कारखाने काही काळ बंद ठेवले, आणि त्या निषेधाच्या जाहिरातींतून बोलत होता तो शेतकरी. तो शेतकरी व्हर्जिनिया तंबाखूचा, आंध्र आणि म्हैसूरकडचा. निपाणी पट्ट्यातील बिडीच्या तंबाखूला त्या कारखान्यांत फारसे काम नाही.

त्यानंतरची कैफियत टपरीवाल्याच्या नावाने आहे. तंबाखू विकणाऱ्या दुकानांना स्थानिक संस्थेची परवानगी लागावी आणि तेथे गोळ्या, बिस्किटे, चिप्स विकू नयेत, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २१ सप्टेंबर २०१७ च्या पत्राने राज्यांना सुचवले; लहान दुकानदारांच्या देशव्यापी महासंघाने त्याला कडाडून विरोध केला. महाराष्ट्राने २४ सप्टेंबर २०२० रोजी सुट्या सिगारेट आणि सुट्या बिडीच्या विक्रीवर बंदी घातली. रोजंदारीवरचा गडी अख्खे पाकीट घेऊ शकत नाही, हा टपरीवाल्याचा आक्षेप होता आणि तंतोतंत तोच बंदीचा उद्देशही होता. केंद्राने जानेवारी २०२१ मध्ये कायदादुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला, त्यात विक्रीचे वय २१ करणे आणि किरकोळ विक्रीला परवाना लावणे सुचवले होते, आणि पुन्हा निवेदनांचा पाऊस पडला. परवान्याची कल्पना मुंबई इलाख्याच्या १९३३ च्या कायद्यात होतीच, याची आठवण त्या निवेदनांना होण्याचे कारण नव्हते.

प्रौढांच्या तंबाखूसेवनाच्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात हे प्रमाण २००९-१० मध्ये ३१.४ टक्के होते, ते २०१६-१७ मध्ये २६.६ टक्क्यांवर आले. यांत धूम्रपान करणारे ३.८ टक्के आणि तंबाखू खाणारे वा लावणारे २४.४ टक्के. म्हणजे कायद्याचा जोर पाकिटावर आणि धुरावर राहिला आणि लोकांच्या तोंडात मात्र मळलेली तंबाखू, मिश्री आणि मावा टिकून राहिला. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ३० खालील बंदीची मुदत एका वर्षाहून अधिक असू शकत नाही. त्यामुळे महाराष्ट्रात गुटखाबंदीचा आदेश २०१२ पासून दर वर्षी जुलैच्या सुमारास नव्याने काढावा लागतो.